तंद्री की झटका: आमच्या घरातलं एक प्रकरण

"मी तुला सांगितलं होतं."

"नाही, तू मला कधीच सांगितलं नाहीस."

आमच्या संसारातली तीनेक वर्षं या दोन वाक्यांनी खाल्ली. वीजबिल भरायचं राहिलं, पाहुणे येणार असल्याचा निरोप राहिला, डॉक्टरांची वेळ चुकली. प्रत्येक वेळी हीच दोन वाक्यं. एका दुपारी मात्र हद्द झाली. सकाळी घरातून निघताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, आज मुलीला शाळेतून तू आण, मला उशीर होईल. तो माझ्यासमोर उभा होता, माझ्याकडे बघत होता, मान हलवल्यासारखंही वाटलं. मुलगी शाळेच्या फाटकाशी दीड तास ताटकळत राहिली. रात्री तो शपथेवर सांगत होता की असं बोलणं झालंच नाही. मी शपथेवर सांगत होते की झालं. दोघंही खरं बोलत होतो, हे कळायला पुढे चौदा महिने गेले.

हे प्रकरण लिहितेय ते त्या चौदा महिन्यांसाठी. अपस्मार म्हटलं की लोकांना जमिनीवर पडून आचके देणारा माणूस आठवतो. मलाही तोच आठवायचा. ज्याला फिट येते त्याला ती दिसत नसते आणि ज्याला दिसते त्याला ती फिट आहे हे ठाऊक नसतं, अशीही स्थिती असू शकते आणि त्यात घरंच्या घरं अडकून पडतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. हा मजकूर नवऱ्याने वाचला आहे. दोन ठिकाणी त्याने स्वतः भर घातली, ती त्याच्याच शब्दांत ठेवली आहे.

मला काय दिसत होतं

तेव्हा तो ३६ वर्षांचा होता. उजव्या हाताने काम करणारा, प्रकृती ठणठणीत, हिशेबाचं काम, आकड्यांत चूक सहसा नाही. बोलता बोलता मध्येच थांबायचा. नजर कुठेतरी खिळायची. ओठ चाटल्यासारखे, काहीतरी चघळल्यासारखे हलायचे. एक हात शर्टाच्या बटणाशी चाळा करायचा. मिनीट-दीड मिनीट असं चालायचं, मग तो नाक पुसायचा आणि पुढचं काम करायला लागायचा. आठवड्यातून एक-दोनदा तरी हे व्हायचं.

आम्ही याला तंद्री म्हणत होतो. त्याच्या माहेरच्या, म्हणजे माझ्या सासरच्या माणसांनी तर हसून सांगितलं होतं, "तो लहानपणापासून तसाच आहे." मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्या मनाने त्याचा दुसराच अर्थ लावला होता. याला माझं बोलणं ऐकायचा कंटाळा येतो, म्हणून हा असा बघत राहतो. हा अर्थ मी कुणाजवळ बोलले नाही, पण त्यावर वर्षानुवर्षं रागावत राहिले.

मग ती रात्र आली. दोनच्या सुमारास तो विचित्र ओरडला. सगळं अंग ताठ झालं, मग हातपाय झटके द्यायला लागले, ओठ निळसर पडले. दातखीळ बसलीय आणि जीभ घशात जाईल या भीतीने मी चमचा आणला आणि दातांत घालून जोर लावला. त्याच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. तो टवका आजही दिसतो. जीभ घशात जात नसते. तोंडात काहीही घालायचं नसतं. हातपाय दाबून धरायचे नसतात. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करायच्या, गळ्याशी आवळलेलं सैल करायचं, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं आणि पूर्ण भानावर येईपर्यंत जवळ थांबायचं. आणि पहिल्या क्षणापासून घड्याळ बघायचं. झटके पाच मिनिटांच्या पुढे गेले, एकामागोमाग एक आले, मध्ये शुद्ध आली नाही, श्वासाला अडथळा वाटला, मार लागला, पाण्यात असताना घडलं, गरोदरपणात घडलं किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असली, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची.

घड्याळाचं एवढं का सांगते? मी डॉक्टरांना ठामपणे सांगितलं होतं की वीसेक मिनिटं चाललं. दुसऱ्या दिवशी फोनमधल्या नोंदी पाहिल्या. झटके सुरू असताना मी दिराला फोन लावला होता आणि ते थांबल्यावर दुसरा. दोन्हींच्या मधे दोन मिनिटंसुद्धा नव्हती.

पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला. झोप झाली नसेल, ताण असेल, पुन्हा आली तर बघू, असं सांगून आम्हाला घरी पाठवलं. फिट नसताना काढलेला पहिला साधा ईईजी अपस्मार असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांत नॉर्मलच येतो, हे मला फार उशिरा कळलं. त्या कागदाला आम्ही निर्दोष सुटल्याचं प्रमाणपत्र समजलो. सात आठवड्यांनी दुसरी मोठी फिट आली. तात्कालिक कारणाशिवाय, चोवीस तासांहून जास्त अंतराने दोन फिट आल्या की त्याला अपस्मार म्हणतात. कार्बामाझेपीन हे औषध सुरू झालं, मोठ्या फिट थांबल्या आणि आम्ही सुटकेचा श्वास टाकला. तंद्री चालूच होती. तिच्याबद्दल आम्हाला कुणी विचारलं नाही आणि आम्हीही काही बोललो नाही. तंद्री आणि फिट यांचा एकमेकांशी संबंध असेल हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

नाक कोणत्या हाताने पुसतो?

दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो ते औषधाने गुंगी येते म्हणून. त्या बाईंनी आधी त्याचं सगळं ऐकून घेतलं, मग खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता तुम्ही सांगा. आणि ते पडले त्या रात्रीचं नको, त्याच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचं सांगा." मी काहीतरी सांगायचं म्हणून तंद्रीचं सांगितलं. त्यांचं पेन थांबलं.

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. बटणाशी कोणता हात चाळा करतो? तेव्हा दुसरा हात काय करत असतो, सैल असतो की वाकडा होऊन ताठतो? नंतर नाक कोणत्या हाताने पुसतात? भानावर आल्यावर बोलणं लगेच सुरळीत होतं की शब्द सापडत नाहीत? मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. तीन वर्षं मी त्याच्या चेहऱ्याकडे रागाने बघत होते, हातांकडे कधी पाहिलंच नव्हतं.

या प्रश्नांमागे साधं कारण आहे. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते, डावी बाजू उजवा. कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागात, टेम्पोरल लोबमध्ये, झटका सुरू झाला की विरुद्ध बाजूचा हात बऱ्याचदा ताठतो किंवा निकामी होतो. मग चाळा करायला आणि शेवटी नाक पुसायला झटक्याच्याच बाजूचा हात उरतो. भाषेचं केंद्र बहुतेकांत डावीकडे असतं, म्हणून डावीकडच्या झटक्यानंतर बोलणं उशिरा सावरतं. म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाने नीट पाहिलं, तर झटका मेंदूच्या कोणत्या बाजूचा, याचा अंदाज यंत्राआधी लागू शकतो. "फोनवर चित्रण करा," त्या म्हणाल्या. "हात दिसू द्या, आणि त्यांच्याशी बोलत राहा."

नऊ दिवसांनी चित्रण मिळालं. एक मिनीट चाळीस सेकंद. उजवा हात बटणाशी, डावा मनगटातून वाकून ताठलेला, नाक उजव्या हाताने पुसलेलं. मी त्याला हाका मारतेय, माझा आवाज चिडका आहे, तो माझ्याकडे बघतोय आणि त्या नजरेत कुणीच नाही.

रात्री मुलगी झोपल्यावर त्याला ते दाखवलं. त्याने तीनदा पाहिलं. पुढचं त्याच्या शब्दांत:

"मला धक्का बसला तो हातांमुळे नाही. माझ्यासाठी ते दीड मिनीट नव्हतंच. त्या संध्याकाळी ती एक वाक्य बोलत होती, मग ती खोलीत वेगळ्याच जागी उभी होती, इतकंच मला माहीत. कधीकधी आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटायचं आणि हे सगळं पूर्वी घडून गेलंय असं वाटायचं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला शब्द नव्हते. मी तिला विचारलं, हे तू किती वेळा पाहिलंस? ती म्हणाली, मोजलं नाही. मग मला आमची भांडणं आठवायला लागली."

ते पोटातून चढणं हीसुद्धा एक छोटी फिटच असते, भान शाबूत असतानाची. त्या रात्री आम्ही दोघं फाटकाशी उभ्या राहिलेल्या मुलीपर्यंत मागे गेलो. मी सांगितलं होतं. ते त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

आणखी एक साक्षीदार घरातच होता. सासूबाईंनी ते चित्रण पाहिलं आणि त्या खाली बसल्या. तो दीड वर्षाचा असताना तापात त्याला आकडी आली होती आणि ती अर्धा तास उतरली नव्हती. मुलाच्या नावाला बट्टा लागेल म्हणून त्यांनी पस्तीस वर्षं हे मनात ठेवलं होतं. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्या काळी त्यांना सल्ला देणारं कुणी नव्हतं. पण लहानपणी तापात लांबलेली आकडी आणि पुढे टेम्पोरल लोबचा अपस्मार यांचा संबंध डॉक्टर जाणतात. रात्रभर जागवून काढलेल्या ईईजीत उजव्या बाजूला खुणा सापडल्या. अपस्मारासाठी खास पद्धतीने केलेल्या एमआरआयमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस, म्हणजे टेम्पोरल लोबमधला स्मृती सांभाळणारा भाग, आक्रसलेला, घट्ट झालेला दिसला.

पहारा

आता आमच्या घरातला सगळ्यात वाईट काळ सांगते. निदान झाल्यानंतरचा.

दुसरं औषध जोडलं, लेव्हेटिरॅसिटाम. तंद्री थोडी कमी झाली, पण नवरा चिडका झाला, एकदा भिंतीवर मूठ आपटली. मला वाटलं, आजाराने खचलाय. चिडचिड हा त्या औषधाचा परिचित दुष्परिणाम आहे, तो लगेच डॉक्टरांना कळवायचा असतो. आम्ही पाच आठवडे घालवले. औषध मनाने एकदम बंद करायचं नाही, त्याने सलग फिट येण्याचा धोका असतो, एवढं तरी ठाऊक होतं. कळवल्यावर डॉक्टरांनी हळूहळू कमी करून औषध बदललं.

इकडे मी पहारेकरी झाले होते. जी कधी हातांकडे बघत नव्हती, ती आता त्याच्या पापण्या मोजायला लागली. कामावर दिवसातून सहा फोन. न्हाणीघराच्या दाराशी उभं राहून "ऐकतोयस ना?" जिना उतरताना दंड धरायचा. तो जरा गप्प झाला की मी त्याच्या तोंडासमोर हात हलवायचे. वहीत प्रत्येक दिवस भरलेला. गाडी चालवणं बंद झालंच होतं, आणि ते योग्यच होतं. फिटशिवाय किती काळ गेल्यावर पुन्हा परवानगी मिळते याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, पण भान जाणारे झटके चालू असताना चाकामागे बसायचं नसतं. मात्र मी त्याचं एकट्याने चालायला जाणंही बंद केलं होतं आणि त्याला काहीही आधार नव्हता.

एक दिवस मुलीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर उभ्या रेघा सापडल्या, पाच-पाचच्या गटात. वर लिहिलं होतं, "बाबा गेले." बाबा "जातात" तेव्हाची मोजणी ती आठ वर्षांची पोर करत होती, कारण तिने आईला तेच करताना पाहिलं होतं.

त्या रात्री नवरा म्हणाला, "आजार मला आहे, पण पहारा तिघांना लागलाय." आम्ही बसून ठरवलं, कशाची काळजी घ्यायची आणि कशाची सोडायची. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही, त्याऐवजी दारावर पाटी. टबाऐवजी शॉवर. शेगडीची मागची बाजू वापरायची, पेटत्या शेगडीवरून भांडं उचलून न्यायचं नाही. पोहणं एकट्याने नाही. गोळ्यांचा आठवड्याचा डबा तो स्वतः भरेल. मी विचारणार नाही, डबा दिसेल तिथे असेल. झोप मोडायची नाही, कारण त्याच्या वहीत जागरणानंतरच्या दिवशी नोंदी ठळकपणे जास्त होत्या. चालायला तो एकटा जाईल, खिशात ओळखीचं आणि आजाराचं कार्ड ठेवून. कामावरच्या दोन सहकाऱ्यांना तो स्वतः सांगेल की असं झालं तर धरू नका, हळू आवाजात बोला, रस्ता, जिना, काच यांपासून अलगद वळवा, वेळ बघा. वही यापुढे एकच असेल, ती त्याची. मी पाहिलेलं त्याला सांगेन आणि तो लिहील. मुलीला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं की बाबांच्या मेंदूत थोडा वेळ चुकीचे संदेश पळतात, त्यात तिचा काही दोष नाही, आणि मोजणं हे मोठ्यांचं काम आहे. तिने विचारलं, "मग मी काय करू?" पाच मिनिटं म्हणजे घड्याळावर किती, ते तिला शिकवलं आणि कोणाला फोन करायचा तेही. ती खरोखर हलकी झाली. मुलांपासून लपवलं तर ती स्वतःच्या कल्पनेने भरून काढतात, आणि ती कल्पना आजारापेक्षा भीषण असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

एक विषय मात्र मला काढता येत नव्हता. तो डॉक्टरांनीच काढला. अपस्मारात क्वचित अचानक मृत्यू येतो आणि दुसरं कारण सापडत नाही, याला सुडेप म्हणतात. प्रौढांमध्ये हे प्रमाण वर्षाला हजारात साधारण एक. सगळ्यात मोठा धोका आचके देणाऱ्या मोठ्या फिट आटोक्यात नसण्याचा, विशेषतः रात्रीच्या. म्हणून औषध न चुकवणं हाच मुख्य बचाव. मला वाटलं होतं की हे ऐकून तो कोलमडेल. तो म्हणाला, "हे मला आधीच सांगायला हवं होतं. गोळी चुकवताना मी दोनदा विचार केला असता."

पिवळी छत्री

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट चालू राहिल्या, तर अपस्मार औषधांना दाद देत नाही असं मानतात. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली मांडलेले आकडे आमच्यासमोर ठेवले गेले. आधी कधीच औषध न घेतलेल्या ४७० जणांपैकी ४७ टक्के पहिल्याच औषधावर फिटमुक्त झाले, आणखी १३ टक्के दुसऱ्यावर, आणि त्यापुढे फार थोडे. तिसरं, चौथं औषध बदलत बसण्यापेक्षा शस्त्रक्रियेची तपासणी करून घ्या, असा सल्ला मिळाला. मेंदूवर शस्त्रक्रिया म्हटल्यावर माझे पाय गळाले. नवऱ्याने उलट आकडे मागितले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत टेम्पोरल लोबचा अपस्मार असलेल्या ८० जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली होती. वर्षाअखेर भान हरपणाऱ्या फिटपासून शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के मुक्त होते, केवळ औषधांच्या गटातले ८ टक्के. हिशेबी माणूस तो. त्याने तो कागद घडी करून खिशात ठेवला.

तपासणीसाठी पाच दिवस तो डोक्यावर तारा लावून कॅमेऱ्यासमोर होता. झटके टिपता यावेत म्हणून औषधं मुद्दाम कमी केली होती. झटका सुरू झाला की परिचारिका धावत यायची आणि त्याला एक शब्द द्यायची: "पिवळी छत्री, लक्षात ठेवा." भानावर आल्यावर विचारायची, कोणता शब्द दिला होता? त्याला शब्द दिला होता हेच माहीत नसायचं. तीन झटके, तिन्ही उजवीकडचे. स्मरणशक्तीच्या चाचण्या झाल्या, डावी बाजू भाषा आणि शब्दांची स्मृती सांभाळायला समर्थ निघाली. धोके स्पष्ट सांगितले गेले: संसर्ग, रक्तस्राव, क्वचित पक्षाघात, दृष्टिक्षेत्राचा डावीकडचा वरचा कोपरा जाण्याची शक्यता, सुरुवातीचे काही महिने मन खचणं.

निर्णय त्याचा होता. मी नको म्हणाले होते, हे इथे लिहिणं भाग आहे.

शस्त्रक्रियेला आता सोळा महिने झाले. भान जाणारा एकही झटका आलेला नाही. औषधं चालू आहेत, ती कधी कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. डावीकडचा वरचा कोपरा खरंच गेला. कपाटाचं उघडं दार डोक्याला लागल्यावर ते समजलं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात तो फार उदास होता, त्यासाठी वेगळे उपचार घ्यावे लागले. त्याची दुसरी भर इथली आहे:

"फिट थांबल्यावर आनंद व्हायला हवा असं सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र आता चुकायला काही कारण उरलं नाही याची भीती वाटायची. आधी विसरलो तर आजार होता. आता विसरलो तर मी."

गेल्या आठवड्यात तो खिडकीशी उभा होता. मी काहीतरी सांगत होते. त्याचं उत्तर आलं नाही. नजर बाहेर खिळलेली, हात शर्टाशी. माझ्या पोटात धस्स झालं. मी हळूच जवळ गेले आणि म्हटलं, "पिवळी छत्री."

त्याने मान वळवली. "पिवळी छत्री," तो म्हणाला. "आणि तू सांगत होतीस की शनिवारी तुझी बहीण येणार आहे. ऐकलं मी. जरा विचार करत होतो."

"कसला?"

"सांगतो. आधी घड्याळ खाली ठेव."

मला कळलंही नव्हतं, पण मनगटावरचं घड्याळ काढून मी हातात धरलं होतं.